मंगलाष्टकांच्या मधला आवाज

टीव्हीवर चित्र आलं तेव्हा मी शिंत्रेकाकांच्या स्टुडिओतल्या कपाटाच्या मागे उकिडवी बसले होते, दातांत स्क्रू धरून. आधी गाणं ऐकू आलं. सिनेमातलं कुठलं तरी, मुलगी सासरी निघाल्याचं, रडकं. मी मान लांब करून पुढं पाहिलं. पडद्यावर लग्न चाललं होतं. मांडव, पताका, फेटे, आणि बोहल्याच्या कडेला सफारी घातलेला एक उंचापुरा माणूस हातात माईक धरून जीव तोडून बोलत होता. तोंड हलत होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि ऐकू येत होतं ते रडकं गाणं.

"वाजायला लागलं की गं," शिंत्रेकाका खुशीत म्हणाले.

तेवढ्यात दारातून कुणीतरी बोललं.

"माझा. आवाज. कुठाय."

बोलण्याला ना चढ ना उतार. मिक्सरच्या घरघरीतून शब्द निघावेत तसं काहीतरी. माझ्या तोंडातला स्क्रू पोटातच जायचा, थोडक्यात वाचले. दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. पांढरा सदरा, गळ्याला पातळ रुमाल, आणि हातात बॅटरीसारखं एक यंत्र, ते त्यांनी हनुवटीखाली टेकवून धरलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, मग परत त्यांच्याकडे. माणूस तोच होता. अंगावरचं मांस तेवढं गेलं होतं.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा विट्यात नवीनच दुकान टाकलं होतं. होम थिएटर बसवणं, इंटरनेटची वायर ओढणं, राउटर लावून देणं, असली कामं घ्यायचे. बाई माणूस शिडीवर चढते म्हणून लोक पहिल्यांदा बघायलाच यायचे, काम मागाहून द्यायचे. शिंत्रेकाकांचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ माझ्या दुकानाच्या समोर. आयुष्यभर त्यांनी तालुक्यातल्या लग्नांची शूटिंग केली. कॅसेटींना बुरशी यायला लागली तेव्हा घाबरून त्यांनी त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, आणि मी त्यांना त्यासाठी एक डबा विकला. कंपनी त्याला मोठं नाव देते, मी डबाच म्हणते. आत दोन हार्डडिस्क, मागं एक वायर राउटरला. एकदा त्यात गाणी, पिक्चर, लग्नं, काय हवं ते भरून ठेवलं की घरातला कुठलाही टीव्ही, मोबाइल, स्पीकर हवेतूनच ते वाजवतो. सीडी घाला, पेनड्राइव्ह शोधा, असली भानगड नाही. काकांना हे जादूसारखं वाटत होतं. सकाळपासून ते रिमोट खाली ठेवायला तयार नव्हते.

दारातल्या माणसाला पाहून त्यांनी तो ठेवला. म्हणाले, "ये रंगा. बस."

हे रंगराव जगदाळे. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. नोकरी साखर कारखान्यात, पण तालुक्याला माहीत होते ते माईकमुळे. आमच्याकडे लग्न म्हणजे नुसते भटजी असून चालत नाही, माईकवर बोलणारा एक माणूस लागतो. आलेल्या पाहुण्यांचं नाव-गाव घेऊन स्वागत करायचं, हरवलेलं पोर सापडलं की सांगायचं, आडवी लावलेली जीप काढायला लावायची, आणि पुढारी यायला उशीर झाला की तोवर मांडव धरून ठेवायचा. तात्या ते काम हौसेनं करायचे. त्यांनी नाव घेतलं नाही तर माणसं रुसून न जेवता निघून जायची, अशी त्यांची पत होती. मग घशाचा कॅन्सर झाला. ना तंबाखू, ना विडी, तरी झाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढून टाकलं. आता ते यंत्र गळ्याला लावलं की त्याची घरघर तोंडात जाते आणि ओठ हलवून तिचे शब्द करायचे.

मी विचारलं, टीव्हीत ते बोलताना दिसतायत, मग आवाज का नाही? शिंत्रेकाका जरा वैतागले. म्हणाले, त्या काळी लोकांना गाणीच हवी असायची. जे बोलणं-चालणं असेल ते पुसून वर गाणी टाकायची, त्याला मिक्सिंग म्हणायचे. खरा आवाज ठेवला तर गिऱ्हाईक कॅसेट परत आणून द्यायचं, की तुम्ही कामच केलं नाही. आणि मूळ कॅसेट? ती पुसून पुढच्या लग्नाला वापरायची. कॅसेट काय स्वस्त होती?

तात्या खुर्चीवर टेकले आणि मला त्या यंत्रातून एकेक शब्द सांगायला लागले. मध्येच दम लागायचा, मग उरलेलं शिंत्रेकाका सांगायचे.

तात्यांच्या बायकोला, हौसाकाकूंना, विसरायचा आजार झाला होता. आधी चुलीवरचं दूध विसरायच्या, मग रस्ते विसरायला लागल्या, मग माणसं. तरी तात्यांना त्या ओळखायच्या, ते बोलायला लागले की. तोंडावरून नाही, आवाजावरून. तो आवाज गेला आणि त्यांच्या लेखी नवराच गेला. घरात एक परका म्हातारा शिरलाय, गळ्याला काहीतरी लावून भुतासारखा बोलतोय, एवढंच त्यांना कळायचं. तात्यांनी घरात यंत्र वापरणं बंद केलं. मुक्यानं वावरायला लागले, तरी उपयोग नाही. त्यांच्या हातचं काकू पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. ताट पुढं केलं तर ते फेकायच्या. गेल्या महिन्यात तर उकळता चहा त्यांच्या अंगावर टाकला होता. शेजारची सरू दोन वेळा येऊन चार घास भरवायची, पण तिचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि ती माहेरी चालली होती. मुलगा प्रताप चिंचवडला. त्यानं तिकडं एक संस्था बघितली होती, अशा माणसांना सांभाळणारी. रविवारी तो गाडी घेऊन आईला न्यायला येणार होता.

मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी. इथं." यंत्र घरघरलं. "मला. बघून. ओरडते."

बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा संसार, आणि एकानं चिंचवडला जायचं, दुसऱ्यानं विट्यात राहायचं, कारण काय, तर एकाचा आवाज गेला. मला इतका राग आला की कुणावर काढावा तेच कळेना. तात्यांना एवढंच कळलं होतं की शिंत्रेनं सगळी लग्नं एका डब्यात भरली आहेत, म्हणजे त्यात कुठंतरी आपला आवाज असणार. तो तिला ऐकवायचा आणि त्याच वेळी समोर जाऊन उभं राहायचं. ओळखलं तर ठीक. नाहीतर प्रताप नेईल.

मला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवय आहे. आई मला लहानपणापासून पोलीस पाटील म्हणते. मी म्हटलं, तात्या, तुम्ही घरी जा, काकू एकट्या आहेत. आम्ही शोधतो.

ते गेल्यावर आम्ही टीव्हीसमोर ठाण मांडलं. एक लग्न उघडायचं, पुढं पळवायचं, बंद करायचं, दुसरं उघडायचं. गुरुवारची अख्खी दुपार त्यात गेली. तात्या सगळीकडे होते. कधी काळ्या केसांचे, कधी पिकलेल्या, कधी चष्म्याचे. बोलायच्या आधी माईकवर बोटानं टकटक करायचे, डावा हात वर करायचे, आणि तोंड उघडलं की गाणं. वरातीवर गाणं, हळदीवर गाणं, पंगतीवर गाणं. एका ठिकाणी तर तात्या कुणावर तरी चांगलेच भडकलेले दिसत होते आणि वर चांदण्यातलं प्रेमगीत लावलेलं. मला हसूही येईना. शेवटी शिंत्रेकाका चहा सांगायला म्हणून उठले, आणि मी रिमोट हातातच धरून बसले, पुढं न पळवता.

म्हणून ते सापडलं. गाणं एकाएकी थांबलं. आधी वाटलं वायरच निघाली. मग मांडवातला गलका आला, कुठल्यातरी पोराचं रडणं आलं आणि भटजींचा आवाज आला, मंगलाष्टक म्हणणारा. खरा, तिथला, फाटक्या लाउडस्पीकरमधला.

मी काकांना हाक मारली. विचारलं, इथं गाणं का नाही?

"मंगलाष्टकांना आपण हात लावत नाही," ते दारातूनच म्हणाले. "त्यावर गाणं टाकलं तर मुलीची आई दुकानात येऊन भांडते."

भटजींनी 'सावधान' म्हटलं. अक्षता उडाल्या. पुढचं मंगलाष्टक सुरू करायला त्यांनी श्वास घेतला आणि त्या श्वासात दुसराच आवाज आला. जाड, ऐसपैस, आणि त्यात हसू दडलेलं.

"मागच्या मंडळींनी अक्षता फेकू नयेत, जपून टाकाव्यात. पुढं बरीच टकलं बसलेली आहेत."

मांडव हसला. भटजींनी पुढचं मंगलाष्टक धरलं.

शिंत्रेकाका चहाचा ग्लास हातात घेऊन तसेच उभे होते. म्हणाले, "हाच. हाच आमचा रंगा." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

मग काय, किल्लीच सापडली. मंगलाष्टकं साधारण कुठं येतात ते काकांना पाठ. मी प्रत्येक लग्नात थेट तिथंच जायचे आणि कान लावून बसायचे, कधी एकदा भटजींना दम लागतोय म्हणून. शुक्रवारी मी दुकान उघडलंच नाही. एका लग्नात नुसतं खाकरणं मिळायचं, दुसऱ्यात अर्धं वाक्य. पण काही ठिकाणी घबाड मिळालं, कारण पाहुणे उशिरा यायचे आणि तात्या भर मंगलाष्टकांत त्यांचं स्वागत करायचे. भटजींची चिडचिड स्पष्ट ऐकू यायची. "मुलाचे मामा आधीच जेवायला बसलेत असं समजतं, त्यांनी हात धुऊन बोहल्यावर यावं." "घोड्याच्या मालकानं घोडं मांडवाच्या बाहेर न्यावं, ते पताका खातंय." "मुलीच्या आजी दमल्यात, त्यांना कुणीतरी खुर्ची द्या, मी बघतोय कोण उठतंय ते." ज्या माणसाला मी आदल्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं, तो मला त्या तुकड्यांतून कळत चालला होता. गमत्या होता, पण कुणाची टिंगल करायचा नाही. म्हाताऱ्या बायकांवर त्याचं फार लक्ष असायचं. असा माणूस घरात मुक्यानं वावरतोय या विचारानं मला सारखं भरून येत होतं.

रात्री जेवणाआधी मी ते सगळे तुकडे लॅपटॉपवर एकापुढं एक जोडले, मध्ये मध्ये मंगलाष्टकं ठेवून, म्हणजे एकच लांबलचक लग्न चाललंय असं वाटावं. शिंत्रेकाका म्हणाले, डबाच घेऊन जा त्याच्याकडे, माझं काय अडत नाही.

शनिवारी सकाळी मी डबा आणि राउटर घेऊन तात्यांच्या घरी गेले. घर बाजार पटांगणाला लागून. पुढं सोपा, मग खोली, मागं स्वयंपाकघर, आणि त्याचं दार मागच्या बोळात उघडतं. तात्या सोप्यात स्टुलावर बसले होते. घर त्यांचंच, पण पाहुण्यासारखे कडेला. काकू आत लसूण सोलत होत्या. लहानखुऱ्या, नीटनेटक्या, नऊवारीचा पदर चापून चोपून घेतलेला. मला बसा म्हणाल्या, कुणाची गं तू विचारलं, सांगितलं ते लगेच विसरल्या, आणि मग आवाज खाली करून म्हणाल्या, "तो माणूस अजून बसलाय का बाहेर? चांगल्या घरचा दिसतोय. पण बोलत नाही आणि जातपण नाही."

मी कसंबसं हो म्हटलं.

त्यांचा टीव्ही बरा होता. डबा जोडला, फाईल लावली. तात्या उठून उंबऱ्यापर्यंत आले आणि चौकटीला धरून उभे राहिले. टीव्हीतून मंगलाष्टक आलं, मग तो आवाज. मी काकूंच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. थोडा वेळ ऐकलं. "चांगलं लग्न आहे," म्हणाल्या, आणि लसणीची पुढची पाकळी उचलली. मला वाटलं ऐकूच गेलं नसेल. आवाज वाढवला. त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मान वर केली तर उंबऱ्यात तात्या दिसले, आणि त्या जोरात म्हणाल्या, "याला बाहेर काढा."

तात्या बाहेर गेले. मी मागोमाग गेले तेव्हा ते सोप्याच्या टोकाला पाठमोरे उभे होते. खिशातून यंत्र काढून त्यांनी गळ्याला लावलं आणि हळूच म्हणाले, "राहू द्या. ताई. लई. केलंत." एवढं शोधून काढलं ते कशासाठी, असं झालं. मी आत जाऊन वायरी गुंडाळायला लागले.

तेवढ्यात मागच्या बाजूनं लाउडस्पीकर ऐकू आला. साड्यांच्या सेलची रिक्षा पटांगणाला वळसा घालून चालली होती. हौसाकाकू ताडकन उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, मागच्या दाराची कडी काढली, आणि दारात उभं राहून एक कान बाहेर लावला. रिक्षा दूर जाईपर्यंत तशाच उभ्या. मग कडी लावली आणि परत येऊन बसल्या.

"हे नव्हेत," त्या म्हणाल्या.

मी वायरी खाली ठेवल्या. विचारलं, कोण नव्हेत?

"आमचे मालक." मला एवढंही कळत नाही याचं त्यांना नवल वाटलं. "त्यांचं बोलणं मागनं येतं की, पटांगणातनं."

मी धावत सोप्यात गेले आणि तात्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारले. काकू लग्नांना यायच्या का? नाही. तात्या चारचौघांत माईकवर बोलतात त्याची त्यांना लाज वाटायची. पटांगणात लग्न असलं की त्या स्वयंपाकघरातच काम करत असायच्या, मागचं दार उघडं टाकून. घरात बोलणारा नवरा त्या एव्हाना विसरून गेल्या होत्या. पण मागच्या दारानं येणारा तो आवाज अजून शिल्लक होता, आणि त्या रोज त्याची वाट बघत होत्या. टीव्हीतून आलेला आवाज त्यांच्या दृष्टीनं टीव्हीतलाच कुणी माणूस होता. तात्या ऐकत राहिले. म्हणाले, "मला. माहीत. नव्हतं." त्यांना कसं माहीत असणार? त्या वेळी ते तिकडं माईकवर असायचे.

आता हे माझ्या धंद्यातलं होतं. डब्यातला आवाज टीव्हीवरच आला पाहिजे असं थोडंच आहे? मी दुकानातून वायफायवर चालणारा स्पीकर आणला. बोळापलीकडे शेंगांचं गोदाम आहे, त्याच्या मालकाला विचारून तो गच्चीच्या कडेला ठेवला. तिथपर्यंत राउटरची रेंज जाईना म्हणून मधे खिडकीत आणखी एक यंत्र लावलं. पण स्पीकर पडला भारीतला, आवाज इतका मऊ आणि गोड की कुणी शेजारी बसून बोलतंय असं वाटावं. मांडवाचा कर्णा असा कुठं वाजतो? मी त्याचा घुमणारा बास सगळा काढून टाकला आणि त्याचं तोंड समोरच्या पत्र्याकडे फिरवलं, म्हणजे आवाज पत्र्यावर आपटून, थोडा फाटून, लांबून आल्यासारखा येईल. बारीक आवाजात दोन शब्द वाजवून बघितले आणि बंद केले. लग्न सकाळीच असतं. म्हटलं, उद्या सकाळी.

रविवारी मी पोचले तर दारात गाडी उभी. प्रताप रात्रभर जागलेला दिसत होता. काकूंच्या कपड्यांची बॅग भरून सोप्यात ठेवलेली. माझी हकिकत त्यानं ऐकून घेतली, पण त्याला ती पटली नाही. तो वाईट माणूस नव्हता, उलट फार सरळ होता. मला म्हणाला, "ताई, तुमचे उपकार आहेत. पण आज एक गाणं वाजवलं आणि उद्या तिनं परत यांच्यावर चहा ओतला, तर मी चिंचवडहून येऊन पोचेपर्यंत काय? यांचं वय बघा." तात्यांनी दोन बोटं वर केली. दोन मिनिटं थांब. प्रतापनं मान हलवली आणि बॅगेशेजारी उभा राहिला.

हौसाकाकू स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. सरू माहेरी निघायच्या आधी भात आणि वरण करून झाकून गेली होती. मी खोलीत भिंतीला टेकून मोबाइलवर बोट ठेवलं. पडद्यावर ते गोल फिरणारं चक्र आलं आणि फिरतच राहिलं. मी मनातल्या मनात त्या डब्याला इतक्या शिव्या घातल्या की काय सांगू. मग बाहेरून मंगलाष्टक ऐकू आलं. लांबून, वाऱ्यावर, पत्र्यावरून फाटून. मलाच क्षणभर वाटलं पटांगणात खरंच लग्न आहे.

काकूंनी मान उचलली. उठल्या. कडी काढून दार उघडलं आणि कान लावला.

"मुलाचे मामा आधीच जेवायला बसलेत असं समजतं..."

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या. खांदे हलत होते. आत वळून, दिसेल त्याला सांगावं तसं त्या म्हणाल्या, "लागले बघा बोलायला. आमचे मालक." एवढा अभिमान मी कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता. इतकी वर्षं म्हणे लाज वाटायची.

तात्या सोप्यातून उठून कधी आले मला कळलं नाही. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे होते. काकूंची नजर त्यांच्यावर गेली आणि हसू थांबलं. प्रताप माझ्यामागे येऊन उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. बाहेर आवाज बोलतच होता, घोडं, पताका, आजीची खुर्ची. काकूंनी तात्यांना खालून वर पाहिलं. रुमाल, पांढरा सदरा, भिजलेले डोळे.

"तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे?" त्यांनी विचारलं.

तात्यांचा हात खिशातल्या यंत्राकडे गेला, आणि थांबला. त्यांनी तो बाहेर काढला आणि बोट काकूंकडे केलं.

"मुलीकडचे होय," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा सैल झाला. "मग असं परक्यासारखं उभं काय राहायचं? या आत."

बाहेर शेवटचं 'सावधान' झालं, आणि त्यामागून तो आवाज आला, हसू बाजूला ठेवून, अगदी घरच्यासारखा. "जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये, ही आग्रहाची विनंती. पंगती बसायला लागल्या आहेत."

काकू पाटावर बसल्या. समोर ताट ओढून घेतलं. तात्या जवळ उभे, काय करावं न कळून. त्यांच्याकडे बघून काकू जरा त्रासल्यासारख्या म्हणाल्या, "मुलीकडचे ना तुम्ही? मग वाढा की. पाहुणे काय हातानं वाढून घेणारेत?"

आमच्याकडे लग्नात वाढायचं काम मुलीकडच्यांचं. तात्या खाली बसले, भातावरचं झाकण काढलं. पहिलाच डाव अर्धा ताटाबाहेर सांडला. काकूंनी तो उचलून ताटात घेतला, वर वरण घेतलं आणि कालवून पहिला घास तोंडात घातला. ज्या हातचं पाणी चालत नव्हतं त्या हातचा भात त्या जेवत होत्या.

प्रतापनं मला हळूच विचारलं, हे किती वेळ वाजतं. मी म्हटलं, लावलं तितका वेळ, संपलं की परत पहिल्यापासून. थोड्या वेळानं तो सोप्यात गेला आणि बॅग उचलून खोलीतल्या कपाटाजवळ आणून ठेवली.

त्यांनी तात्यांना ओळखलं का, असं मला लोक विचारतात. नाही ओळखलं. त्या दिवशी नाही, आणि पुढं काकू त्या घरात जितकी वर्षं राहिल्या त्यांतही कधी नाही. त्या आवाजाच्याच होत्या, आणि हे रोज जेवायच्या वेळी पाटाशी येणारे, मुलीकडचे, कमी बोलणारे एक गृहस्थ होते. तात्यांना मी एकदा विचारलं होतं, याचं वाईट नाही का वाटत. त्यांनी यंत्र गळ्याला लावलं. "वाटतं. पण. जेवते."

त्या सकाळी बाहेर लग्न परत पहिल्यापासून सुरू झालं तेव्हा काकूंचं पोट भरलं होतं. त्यांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले आणि पुरे, पुरे म्हणाल्या. तात्यांनी एका हातानं ते हळूच बाजूला केले आणि आणखी एक डाव वाढला.